तिऱ्हाइताने मोजलेले दात

निवृत्ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओतूरच्या एसटी स्टँडवर बेल्ह्याच्या गाडीची वाट बघत होतो. बाजारचा दिवस, दर बाजारासारखा निघालो होतो त्याच्याकडेच... गाडी आली, मी चढलो. एवढंच आठवतं.

बेल्ह्यात त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचं दुकान होतं. बिलांसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर तो तालुक्याच्या राजकारणावर ब्लॉग लिहायचा, आणि असा लिहायचा की पुढारी दुकानासमोरून जाताना गाडीची काच वर घ्यायचे. मी कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातले लेख तपासायचो. त्याच्या एका चाहत्याने कोशात त्या ब्लॉगवर लेख टाकला आणि माझी पंचाईत झाली. ठेवायचा की काढायचा, यावर बरीच वादावादी होऊन निकाल माझ्याकडे आला. नियम साधा होता : ब्लॉगबद्दल दुसऱ्या कुणी, वर्तमानपत्राने वगैरे, आपणहून लिहिलेलं हवं. तसं काहीच नव्हतं. पण निवृत्ती शाळेपासूनचा मित्र, त्यात तापट. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मी लेख काढला, आणि मैत्री गेली असं समजून पुढचा बाजारही चुकवला.

त्यानंतर मात्र राहवेना. गेलो. त्याने नेहमीसारखं फडक्याने स्टूल पुसून पुढे सरकवलं.

"मास्तर, त्वांड का लपवतो? बाजारात वय ठरवाया बैलाचं दात मालक मोजतो का? तिऱ्हाईत मोजतो. माज्या बैलाचं अजून कुनी मोजलं न्हाईत. तुजं काय चुकलं त्यात?"

छातीवरचा धोंडा उतरला. टोमणा मात्र त्याने मारलाच : "ठिवला असतास, तर तुज्यावरच लिवलं असतं, राव."

तो गेल्यावर वर्तमानपत्रांनी त्या ब्लॉगवर भरभरून लिहिलं. ज्यांची त्याने सालं काढली होती, त्यांतल्या एकानेही लिहिलं की निवडणुकीत मला धाक विरोधकांपेक्षा याचाच होता. कोशात लेख पुन्हा आला, वाद पुन्हा झाला. या वेळी मी बिनधास्त लिहिलं, ठेवावा. राहिला.

परवाच्या बाजाराला दुकानात जाऊन त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, तो लेख त्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवला. त्यांनी सावकाश वाचला.

"मोजलं म्हना की दात," त्या म्हणाल्या. मग कोपऱ्यातलं ते फडकं घेतलं, स्टूल पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं...