पडना नही, पाडं

ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. घरात अक्कलकुव्याचा विषय निघाला की उठून जायचो.

दुसऱ्या लढाईच्या आधी मी अक्कलकुव्याला दवाखान्यात कंपाउंडर होतो. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा माणूस पावसाच्या तोंडावर नाहीसा झाला. दिवाळीनंतर दरीत त्याची हाडं सापडली. पोलीस पाटलाने ती धोतरात बांधून आणली. बरोबर त्याची बायको होती. ही डाकीण, हिनेच मंत्र करून नवऱ्याला कड्यावरून पाडलं, असं पाडा म्हणत होता. माणसाच्या हातून मेल्याचं ठरलं तरच ती सुटणार होती.

डॉक्टर देशावरचे, अहिराणी न कळणारे. हाडं टेबलावर मांडताना ते मला दाखवत गेले.

"ही बरगडी मोडून पुन्हा जुळलीय. याला आधीही कुणीतरी बडवलंय. आणि हा हात बघा. पडणारा माणूस हात टेकतो, मोडतं ते मनगटाशी. हे मधोमध मोडलंय. डोक्यावरची काठी हातावर झेलली की असं होतं."

बाहेर ओट्यावर जंगलाच्या ठेकेदाराचा मुकादम बसला होता; मेलेला माणूस त्याच्याच हाताखाली कामाला होता. सकाळीच त्याने मला हसत विचारलं होतं, "कंपाउंडरभाऊ, तुन्हं घर नदीकाठलेच शे ना? पोरं एकलाच खेळतंस तठे." माझी पोरं नदीवर एकटी खेळतात, हे त्याने हेरून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी बाईला विचारलं, काय झालं?

घरी भिली बोलणारी ती, बाजारातली अहिराणी जुळवत म्हणाली, "पडना नही, पाडं त्याले. काठीघाई." आणि तिने ओट्याकडे बोट केलं.

डॉक्टरांच्या कानाने पहिला शब्द तेवढा धरला. "पडला म्हणते ना?"

पडला नाही, काठीने पाडलं, एवढंच मला मराठीत सांगायचं होतं. ओट्यावर मुकादम खाकरला.

"हो," मी म्हणालो. "पडला म्हणते."

डॉक्टरांनी हाताचं हाड परत टेबलावर ठेवलं. "बायकोच म्हणते म्हटल्यावर... आपटला असेल खडकावर."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. आपलं म्हणणं पोचलं, असं तिला वाटलं असावं, कारण तिने मला हात जोडले.

होळीच्या आत पाड्याने तिला हाकललं. झोपडी जाळली.

पुढे खूप वर्षांनी जवळच्या खापर गावच्या बाजारात ती चारोळी विकताना दिसली. "देऊ का, दादा?" तिने विचारलं. मला ओळखलं नाही. मी फडकं पुढे केलं, चारोळी बांधून घेतली आणि निघालो. अहिराणीत जुळवून ठेवलेलं वाक्य तोंडातच राहिलं: बहीण, तू खरं सांगं व्हतं, मी खोटं सांगं, माले माफ कर.