पाशाचा कालवा आणि माझी रजा

आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत दुरुस्तीचं शटडाउन लागलं की रजेचं नाव काढायची सोय नसे. आणि नेमकं त्याच सुमाराला सांगलीत बायकोचं पहिलं बाळंतपण आलं. रजा देणारा साहेब इजिप्तचा, नाईलकाठच्या खेड्यातला. बोलणं मोजकं. काही झालं तरी बाळाच्या वेळी मी तिथे असणारच, हे मात्र मी ठरवून टाकलं होतं.

आम्हा मराठी माणसांना एक खोड आहे. कुणाला खूश करायचं तर त्याच्या मुलखातला एखादा राजा शोधायचा आणि आपल्या महाराजांच्या शेजारी नेऊन बसवायचा. मीही तेच केलं. एकोणिसाव्या शतकात इजिप्तवर राज्य करणाऱ्या मोठ्या पाशावरचं एक पुस्तक क्लबच्या लायब्ररीतून आणलं आणि त्याचं पारायण केलं.

चहाच्या वेळी केबिनमध्ये शिरलो आणि सुटलोच. पाशाने शाळा काढल्या, छापखाना आणला, पोरांना शिकायला फ्रान्सला धाडलं, लांब धाग्याचा कापूस लावला, नवी फौज उभी केली. "आणि सर, तो कालवा! थेट अलेक्झांड्रियापर्यंत! आमच्याकडेही असा राजा झाला, आम्ही त्याला देवासारखं पुजतो." अहाहा, काय रंगलो होतो मी!

साहेबाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "कालवा कोणी खणला, ते आहे का पुस्तकात?"

ती पानं मी भराभर उलटली असणार.

"माझ्या खापरपणजोबाला पाशाच्या माणसांनी शेतातून उचलून नेलं," साहेब म्हणाला. "बायको पोटुशी होती. कुदळी पुरायच्या नाहीत, हातांनी चिखल उपसायचा. सुटून घरी आला तेव्हा पोरगा चालायला लागला होता. बापाला दारात बघून तो आईच्या मागे लपला. आमच्या घरात अजून सांगतात हे." मग म्हणाला, "शाळांचं म्हणतोस ते खरं आहे. त्याने सुरुवात केली म्हणून माझ्यासारखे इंजिनिअर झाले. पण देवबिव नको."

बोंबला! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गेली रजा, मी मनात म्हटलं.

"तुला हवंय काय?" साहेबाने विचारलं.

आता कसलं नाटक करणार? "रजा, सर. बायकोचे दिवस भरत आलेत."

"अरे, मग हे आधी नाही सांगायचं? यल्ला, जा! शटडाउन मी बघतो."

त्याचे पाय धरावेसे वाटले मला. त्याला ते कळलं नसतं, म्हणून नुसताच हात हातात घेतला आणि पळालो.

मुलगी झाली. परत येताना बर्फी नेली. साहेबाने एक तुकडा उचलला, पण तोंडात घातला नाही.

"तुला बघून लपली?"

"नाही सर. माझं बोट धरून झोपली."

"अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला, आणि मग बर्फी खाल्ली.