जो दिवा माझ्या गाडीत नाही

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला समजवायला येणार नाही — भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. देवासला बायकांना कार शिकवायचा माझा क्लास आहे. गाडी चालू होत नसेल तर बॅटरी बघा, पुढे टांगलेली लिंबू-मिरची बघू नका, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. स्वभाव तापट आहे, तेही सांगून ठेवते. आणि हे मुद्दाम मराठीत लिहितेय. आमच्या गल्लीतली निम्मी मंडळी घरात मराठी बोलतात, पण शाळा हिंदीत झाल्यामुळे वाचायला बसली की अडखळतात. ज्या खोटारड्याबद्दल लिहितेय तोही त्यातलाच; अडखळू दे.

अभय माझा धाकटा भाऊ. त्याला गाडी मी शिकवली. त्यामुळे 'त्याला चालवता येत नव्हती' असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. दोन हिवाळ्यांपूर्वी तो आणि त्याची बायको रश्मी हिमाचलला गेले. गाडी गल्लीतल्याच दीपकची. दीपकचा ट्रॅव्हल्सचा धंदा, ओळखीच्या लोकांना ड्रायव्हरशिवायही गाड्या देतो. लहानपणी आमच्याच ओट्यावर खेळलेला, मला जिजी, म्हणजे ताई, म्हणतो.

तिथे रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी अभयचा फोन आला. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवू की बंद, असं विचारत होता. मी सांगितलं, चालूच ठेव. चाक घसरायला लागलं की ते आपोआप इंजिनाचा जोर कमी करतं, गरज पडली तर त्या चाकाला ब्रेकही लावतं. गाडी रुतली आणि चाकं नुसती जागच्या जागी गरगरत असतील, तर तेवढ्यापुरतं बटन दाबून बंद कर. बाहेर निघालास की लगेच पुन्हा चालू. तेव्हा तो म्हणाला की किल्ली फिरवल्यावर बाकी सगळे दिवे लागतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा तेवढा लागत नाही — पिवळा, गाडीचं चित्र आणि खाली दोन नागमोडी रेघा असलेला. किल्ली फिरवल्यावरही तो दिवा लागत नसेल तर बहुतेक वेळा कुणीतरी तो मुद्दाम झाकलेला असतो, म्हणजे आतला बिघाड गिऱ्हाइकाला दिसायला नको. मी म्हटलं, गाडी हलवू नकोस, आधी दीपकला विचार. थोड्या वेळानं पुन्हा फोन आला... दीपक म्हणतोय नुसता दिवा गेलाय, सिस्टिम चालू आहे, बेधडक जा. मी नको नको म्हणत होते, तेवढ्यात रेंज गेली.

दुपारी एका वळणावर गाडी घसरली आणि दरीत गेली. अभय जागीच गेला. रश्मीचा पाय मोडला, ती अजून लंगडते.

तेराव्याला दीपक सगळ्यांसमोर म्हणाला की गाडीत काही खराबी नव्हती, बटन बंद होतं, अभयनंच दाबून ठेवलं होतं, बर्फात चालवायची सवय नव्हती बिचाऱ्याला. वर टेकडीवरच्या देवीची शपथ घेतली. आणि रश्मी तिथेच खचली. कारण त्या सकाळी हॉटेलच्या फाटकातच गाडी रुतली होती. अभयनं खरंच बटन दाबलं होतं, गाडी बाहेर काढली होती, आणि नेमकं तेव्हाच हिनं त्याला घाई केली होती — चला ना, किती उशीर. म्हणजे माझ्या घाईमुळे तो बटन पुन्हा दाबायला विसरला, असं तिनं मनाशी पक्कं धरलं. मी दिव्याचं सांगितलं, तर तिला वाटलं मी समजूत घालतेय. गाडी भंगारात गेली होती, पुरावा काही नाही. ती पोरगी आमच्याकडे राहून आतल्या आत स्वतःला खात होती आणि दीपक आमच्या दारावरून हॉर्न वाजवत जात होता.

मला काय हवं होतं ते स्पष्ट लिहिते. त्याचं वाटोळं व्हायला हवं होतं. पण त्याआधी त्यानं रश्मीच्या तोंडावर खरं बोलायला हवं होतं.

आता या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आमच्यात पहिली पत्रिका कुलदेवीला, म्हणजे धारच्या कालिकेला. रश्मी कुठेच जात नव्हती, तिला ओढून बरोबर घेतलं आणि म्हटलं, पत्रिका ठेवू, मग मांडूला एक चक्कर मारू. क्लासचीच गाडी होती, जुनी छोटी हॅचबॅक. तिच्यात डाव्या बाजूलाही एक ब्रेक बसवलेला आहे, शिकणारी बाई घाबरली तर मला दाबता यावा म्हणून. ट्रॅक्शन कंट्रोल वगैरे त्या गाडीत नाही. बटनही नाही, दिवाही नाही. हे नीट लक्षात ठेवा.

देवीच्या पायऱ्या उतरून खाली आलो तर समोर दीपक. त्याची एक गाडी सवाऱ्यांसकट मांडूच्या अलीकडे बंद पडली होती, तो बसनं धारला येऊन पंपाचा पार्ट घेऊन परत निघाला होता. काहीच घडलं नसल्यासारखा म्हणाला, "जिजी, मांडूलाच चाललात ना? मला बी सोडून द्या. आणि आणा किल्ली, मी चालवतो. एवढ्या धूपमधे तुम्ही कशाला?"

मी किल्ली दिली. का दिली? रस्ताभर त्याला टोचता येईल म्हणून दिली, दुसरं काही नाही. रश्मी मागे बसली, मी डावीकडे, माझा पाय सवयीनं माझ्या ब्रेकवर.

नालछा मागे पडेपर्यंत तो गाड्यांच्या किमतींवर बोलत होता. भर दुपार, रस्त्यावरचं डांबर नरम पडलेलं, पळसाच्या पानांवर धूळ. पुढे उताराला लागलो आणि गाडी एकदम हलकी झाली. शिकवणाऱ्याला हे बुडाखालून कळतं — टायरनं रस्ता सोडला. स्टिअरिंग डावीकडे वळलं, गाडी मात्र सरळच गेली. आणि मीटरमधल्या काळ्या प्लॅस्टिकवर, जिथे काहीही नाही तिथे, पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गाडीचं चित्र, खाली दोन नागमोडी रेघा.

दीपकनं तो पाहिला. तो पांढरा पडला. पाय ब्रेकवर गच्च दाबून बसला आणि चाकं जाम झाली, तरी गाडी जातच होती. जोरात नाही, उतारावर सोडलेल्या सायकलसारखी, आवाज न करता. समोर वळण, वळणाला लागून खोह, सरळ खोल दरी. पायांशी असा गारवा आला की माझी बोटं चपलेत आखडली. घसरताना ब्रेक असा धरून ठेवायचा नसतो, थोडा दाबायचा, थोडा सोडायचा, हे मी त्याला सांगू शकले असते.

नाही सांगितलं.

"जिजी, तुमचा ब्रेक. तुमचा ब्रेक दाबा."

मी पाय मागे घेतला. सीटच्या खाली घेतला, त्याला दिसेल असा. म्हटलं, "आधी सांग. अभयच्या गाडीतला दिवा कुणी झाकला?"

मागे रश्मी होती, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. खोटं कशाला बोलू?

तो रडायला लागला आणि हिंदी-मराठी एकत्र बोलत सुटला. चाकाचा सेन्सर कधीचाच गेला होता. दिवा सारखा पेटायचा, सवाऱ्या कटकट करायच्या, म्हणून त्यानंच मीटर उघडून त्यावर काळी पट्टी लावली. सिस्टिम बंदच होती. "अभयभियानं बटन दाबलं काय, नाही दाबलं काय, काहीच फरक नव्हता पडणार, रश्मीवहिनी. मला पता होतं. मला सगळं पता होतं."

एवढं त्याचं बोलून झालं. वळण अगदी तोंडाशी होतं. माझा पाय सीटखालीच होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या बाजूचं ब्रेकचं पेडल खाली गेलं. थोडं खाली, मग वर, पुन्हा थोडं खाली. दीपक नंतर सांगत होता की त्याच वेळी त्याचा पाय कुणीतरी खालून वर ढकलला. टायरनं रस्ता धरल्याचा आवाज झाला आणि गाडी कठड्याच्या दगडाला जेमतेम टेकून थांबली. असा तुकड्यातुकड्यांनी ब्रेक दाबणारा मी शिकवलेल्यांत एकच होता. सुक्या रस्त्यावर असं दाबतो म्हणून मी त्याला किती शिव्या दिल्या असतील.

खाली उतरले. रस्ता कोरडा खडखडीत, तापलेला. घसरल्याची एकही खूण नाही. टायरला हात लावला आणि चटकन ओढून घेतला... इतकं थंडगार. दिवा विझला होता आणि तिथे पुन्हा नुसतं काळं प्लॅस्टिक होतं.

मांडू राहिलंच. त्याच्या सवाऱ्या तो पार्ट यायची वाट बघत बसल्या असतील, पण मी त्याला मागे बसवलं आणि स्वतः गाडी चालवत सरळ देवासला आणलं. गल्लीत रश्मीनं त्याला त्याच्या आईसमोर, शेजाऱ्यांसमोर तेच सगळं पुन्हा बोलायला लावलं. मधे थांबला की ती म्हणायची, "पुढे." नंतर वकील केला, पोलिसांत जबाब झाला, ते चालू आहे आणि मी ते अर्ध्यावर सोडणार नाही.

त्या रात्री रश्मी मला म्हणाली, "ताई, तुम्ही पाय मागे घेतलात ते मी बघितलं होतं."

मी विचारलं, मग ओरडली का नाहीस? मीही ऐकलं नसतं, पण ओरडायचंस तरी.

"तो बोलायचा थांबला असता," ती म्हणाली, आणि झोपली. कित्येक महिन्यांनी ती गोळी न घेता झोपली.

गाडी मी दोन गॅरेजमध्ये दाखवली. मीटर उघडून बघितलं. त्या जागी वायर नाही, बल्बची जागाच नाही. ब्रेकची तारही ठीक आहे. दोघांनीही मलाच वेड्यात काढलं. डांबर वितळलं असेल, ऊन लागलं असेल, असं तुम्हीही म्हणाल. मीही दुसऱ्या कुणाला तेच म्हटलं असतं. मग मेमधे माझ्या बोटांना ते काय लागलं, एवढं फक्त सांगा.

मुलीच्या लग्नात दीपक आला. बोलावलं नव्हतं, तरी आला आणि मांडवात चारचौघांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवलं. जिजीनं ब्रेक लावला म्हणून आज माझी पोरं बाप म्हणतायत, असं रडत रडत सगळ्यांना सांगायला लागला. मी त्याला उठवलं नाही. म्हटलं, "दीपक, ब्रेक मी नाही दाबला. मी पाय मागे घेतला होता. तू मेला असतास तर मला चाललं असतं."

त्याला आधी थट्टा वाटली. मग त्यानं रश्मीकडे बघितलं. रश्मीनं मान हलवली.

"फिर किसने दबाया, जिजी?"

मी त्याला तेच सांगितलं जे तुम्हाला सांगतेय — मला माहीत नाही. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा जसा झाला, तो बघायला मी दोन वर्षं थांबले होते.