आबांच्या डोक्यामागची भिंत

नणंदेला पाहायला पाहुणे जळगावला आमच्या घरी येणार होते, म्हणून बैठकीसाठी उबदार सोनेरी पिवळा रंग मीच पसंत केला. तिथे माझे सासरे, आबा, अर्धांगवायू झाल्यापासून दिवसभर भिंतीला डोकं टेकून बसायचे; केसांच्या तेलाचा काळपट गोल डाग भिंतीवर पडला होता. लाळ गळते, चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणून आम्ही त्यांची खाट मागे धान्याच्या कोठ्यांजवळ नेली. रंगारी म्हणाला, “ताई, तेलना डाग शे, वर येईच.” मी म्हटलं, “रविवारपर्यंत झाकला तरी बस.” रविवारी पाहुण्यांनी रंगाचं कौतुक केलं आणि विचारलं, “आबा दिसत नाहीत?” पोह्यांची बशी पुढे करत मी म्हटलं, “असोद्याला गेलेत, शेतात मन रमतं त्यांचं.” तेवढ्यात आतून आबा खोकले. सगळ्यांनी ऐकलं. मी उठून पंखा वाढवला. सोयरीक जमली, आणि महिन्याभरात डाग पिवळ्यातून वर आला. आता त्यावर आबांचा हार घातलेला फोटो आहे, आणि आल्यागेल्याला मीच कौतुकानं सांगते, “ही आबांची बसायची जागा.”