धार घालवलेली विळी

दत्ता, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी दुसरबीडच्या स्टँडवर तूच आमची पेटी एसटीत चढवलीस. बाबांनी ऐरण आणि पात्यावर मारायचा घराच्या खुणेचा ठसा आदल्या दिवशीच तुमच्या ओट्यावर नेऊन ठेवला होता. तुझी आई, आमची काकू, डोळे पुसत म्हणाली, "पुण्यात काय हाये भाऊजी?" बाबांनी तिकिटाचे पैसे मोजले. मी खिडकीतून थुंकले. तुला वाटलं, मला गाडी लागली. नाही रे, ते खामगावच्या सेठच्या नावानं होतं.

का, ते तुला कुणी नीट सांगितलं नाही. बाबांच्या विळ्या त्या सेठच्या भांड्यांच्या दुकानात जायच्या. ट्रकच्या पाट्याचं लोखंड, घरची भट्टी. गावातली बाई विळी मागायला आली की बाबा तिला आधी पोत्यावर बसवायचे. "बस माय. पाय कोणता ठेवतं पाटावर?" त्यावरून पात्याचा कल ठरायचा. मग सेठनं कारखान्यातल्या घडीच्या स्टील विळ्या आणल्या. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर दोन्ही विळ्या मांडल्या आणि एका बाईला टोमॅटो कापायला लावले. स्टीलवर पातळ चकत्या पडल्या. आमच्या विळीवर चेंदामेंदा झाला. माणसं हसली. सेठ म्हणाला, "मिस्त्री, आता आराम करा." मी पोतं धरून मागेच उभी होते. बाबांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि उरलेला माल निमूटपणे भरला. परतीच्या गाडीत मला एवढंच म्हणाले, "धार गेली नोहती पोरी. दगडावर घासून घालवली होती."

"मग बोलले काऊन नाही?"

"बाजारात बोलून काय व्हते?"

पुढे बाबा भोसरीत एका सोसायटीच्या गेटवर बसले, निळा शर्ट घालून. मी किचनवेअरच्या दुकानात लागले. 'मले' म्हटलं की काउंटरवरच्या मुली फिदीफिदी हसायच्या, म्हणून सहा महिन्यांत 'मला' शिकले. आज डिस्प्लेवर काय लागायचं ते मी ठरवते. खरं सांगते, स्टीलच्या विळ्या मीही ढिगानं विकल्या. फ्लॅटमधली बाई उभ्यानं स्वयंपाक करते; ओट्याला घट्ट बसणारी, न गंजणारी विळी तिला सोयीची पडते. त्यात वाईट काही नाही. सेठनं स्टील विकलं याचा राग मला कधीच नव्हता. त्यानं दगड वापरला याचा होता, आणि तो मी बारा वर्षं जपला. बाबा गेले तेव्हाही जपला.

गेल्या महिन्यात सेठ स्वतःच दुकानात आला. शहरात आता हातघडणीच्या वस्तूंची फॅशन आहे, हे त्याला बरोब्बर कळलं होतं. त्यानं मला ओळखलं नाही. "मॅडम, अस्सल गावठी माल आहे. पाहा तं खरं." मी चहा मागवला आणि फिनिशिंग बघते म्हणून सॅम्पल आत नेलं. गोडाऊनच्या दगडी पायरीवर पातं घासायला घेतलं. मजा आली.

घासताना पातं उलटं झालं आणि पाटाजवळ तीन टिंबं, खाली आडवी रेघ दिसली. आपल्या घराचा ठसा. सेठला माल देतोस हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. कल पाहिला, तोही थेट बाबांसारखा. दत्ता, तिथे मी थांबायला हवं होतं. मिनिटभर उभी राहिले. बाहेर आमचे मालक होते, चार गिऱ्हाइकं होती आणि सेठ होता. अशी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी आणखी दोन हात मारले आणि विळी बाहेर नेली.

टोमॅटो मीच निवडला, चांगला पिकलेला. सेठलाच कापायला बसवलं. सगळे हसले तेव्हा मी म्हटलं, "सेठ, आता आराम करा." त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्याला ओळख पटली. तो चेहरा पाहून मला जो आनंद झाला, तो तुझ्यापासून लपवत नाही.

परवा तुझा फोन आला. "ताई, सेठनं समदा माल वापस केला. म्हणे पुण्यात तुह्या विळीनं टमाटं बी कापलं नाही. तापल्या पात्याले म्या पाणी चुकीचं पाजलं काय? काकानं शिकवलं तसंच तं केलं व्हतं." सेठनं माझं नाव तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्वतःचंही सगळं सांगावं लागलं असतं. मी 'बघते' म्हणून फोन ठेवला. काकू सांगते, तू तेव्हापासून भट्टी पेटवली नाहीस. बाबांना निदान आपला हात चुकला नाही, एवढं तरी ठाऊक होतं.

इतकी वर्षं गाव म्हटलं की मला सेठ दिसायचा. आता तू दिसतोस, आपल्याच हातांना दोष देत बसलेला. तुझं पाणी चुकलं नाही, दत्ता. धार मी घालवली, आणि ठसा पाहूनही घालवली. मी दुसरबीडला यायचं की नाही, ते आता तू सांग.