टिक करण्याआधी विचारायचं

"हितं बघ, हितं!" असं म्हणत त्या थेट माझ्या लॅपटॉपवर बोट टेकवायच्या आणि पडद्यावर हळदीचा पिवळा ठसा उमटायचा. मी पुसायचो, त्या दुसरीकडे टेकवायच्या.

कुरुंद्यातल्या हळद करणाऱ्या बायांच्या गटाच्या त्या अध्यक्ष, मी त्यांना मावशी म्हणायचो. गटाची वेबसाइट मी हिंगोलीत बसून करत होतो. दर दुरुस्तीला जाणं-येणं जमेना, म्हणून त्यांना एक सोय दाखवली. मोबाइलवर कच्चं पान उघडायचं, खटकेल तिथं बोट टेकवायचं, खूण उमटली की शेजारी लिहायचं. सुधारणा झाल्यावर मी टिक करणार आणि खूण नाहीशी होणार, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

पहिल्याच दिवशी पंधरा खुणा! "हा पिवळा रंग आजारी दिसतो." "फोन नंबर मोठा काढा, चष्मा सगळ्यायकडं नसतो." इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक तुम्हाला भेटलंय का? मला तोवर भेटलं नव्हतं.

पहिल्या पानावर मी विकतचा फोटो टाकला होता. लाकडी वाटीत हळद, वाटी धरलेली, नखं रंगवलेली बाई. त्यावर खूण आली, "ह्या बाईनं हळद शिजवली न्हाई. आमच्या बायांचे हात दाखवा." फोटो माझ्या आवडीचा. मावशींना यातलं काय कळतंय, असं म्हणून मी काहीही न बदलता टिक करून टाकली.

सकाळीच फोन. "बापू, माझं बोलणं काहून मिटवलं?"

"मावशी, टिक म्हणजे काम झालं."

"झालं कुठं? बाई तर तीच बसून राहिली."

मी ओशाळलो. "आता मिटवायच्या आधी इचारत जा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून प्रत्येक टिक करण्याआधी मी फोन करू लागलो.

मग कॅमेरा घेऊन कुरुंद्याला गेलो. बाया शिजलेली हळद पसरत होत्या. मावशींना म्हटलं, तुम्हीही बसा. "मी हितंच बरी. कोणी तरी बघाया पायजे की." माझ्या शेजारी उभ्या राहून त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावरही बोट टेकवलंच.

वेबसाइट सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्या गेल्या. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

पहिल्या पानावर आता त्या बायांचेच हात आहेत, पिवळे, भेगाळलेले. मावशी त्यात नाहीत. कच्च्या पानावर मात्र त्या फोटोवर त्यांची शेवटची खूण आहे, "आता बराबर. मिटवा, बापू."

बाकी सगळ्या खुणांवर टिक झाली आहे. हिच्यावर करायला गेलो की हात आधी फोनकडे जातो.