गप्प राहून घेतलेलं नाव

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी मी हुबळीत मिशनच्या दवाखान्यात सुईण होते. बाजारपेठेतली हिंदू घरं मला बाळंतपणाला बोलवायची आणि माझी पाठ वळली की पायरी धुऊन काढायची. धुवा म्हणावं, पायरीच स्वच्छ होईल! दर बाळंतपणाआधी मी येशूचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करायची. त्यात कधी खंड पडू दिला नव्हता.

एकदा एका किराणा व्यापाऱ्याच्या सुनेच्या पोटातलं मूल पायाळू होतं. मी पोचले तर सासू दारात उभी. "अक्का, आमच्या घरात तुमच्या देवाचं नाव घ्यायचं नाही. ब्याड्री, नकोच ते!" 'मग दुसरी सुईण बघा', असं अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आत ती पोर किंचाळली. मी तोंड मिटलं आणि आत गेले. दोन तास हात कामात होते आणि नाम मनात. दिवेलागणीच्या आत मुलगी झाली, आईही वाचली.

पुढच्या प्रार्थनासभेत हे सगळं मीच सांगितलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आमच्या चर्चच्या पंचांनी मला समोर उभं केलं. "तुम्ही प्रभूचं नाव लपवलंत. रविवारी सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर प्रभुभोजन मिळायचं नाही."

मला संताप आला. तो आजही पुरता गेलेला नाही. मी म्हटलं, "फांदीनं वेलीला धरून राहावं तसं प्रभूला धरून राहा, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग फांदी काय बोंबलून सांगते, मी या वेलीची म्हणून? द्राक्षं लागली की लोकांना कळतं."

"फार बोलता तुम्ही," एक पंच म्हणाले.

"बोलते. पण गप्प बसल्याची माफी मागणार नाही."

रविवारी मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा पेला शेजारणीपर्यंत आला आणि मला वगळून पुढे गेला. पुढचं दीड वर्ष तो तसाच जात राहिला. त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला सांगू? त्या पेल्याची मला तहान होती. पण जागची उठले नाही, आणि शेवटचं गाणं सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हटलं.

त्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घालायला त्याच घरी गेले. सासू शेजारी पाट ओढून बसली. जरा वेळाने म्हणाली, "अक्का, त्या दिवशी तुमचे ओठ सारखे हलत होते की हो. त्याचंच नाव घेत होता नव्हं?"

आता हिच्याशीही भांडायचं, म्हणून मी पदर खोचला. "हो, घेत होते."

"कळलं होतं मला," ती म्हणाली. "घेऊ दे म्हटलं. आत सून माझी होती."